ताटाची डावी बाजू

पक्षाघातानंतर आमच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक बहुतेक वेळा हात उचलत नसल्याची, पाय ओढत चालावे लागत असल्याची किंवा बोलणे नीट कळत नसल्याची तक्रार सांगतात. त्या दिवशी सासऱ्यांना घेऊन आलेल्या सूनबाईंची तक्रार मात्र निराळी होती. घरात सगळे ज्यांना अण्णा म्हणत, त्या सत्तरीला टेकलेल्या किराणा दुकानदारांचा डावा हात लुळा पडला होता, पण ते आधाराने चालू लागले होते, स्पष्ट बोलत होते आणि उधारीच्या रकमांची बेरीज पूर्वीसारखीच तोंडी करत होते. रोज जेवायला बसले की मात्र ते सुनेवर चिडत. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड वाढायची रीत या घरातून गेली का, असे विचारत. आणि हे सगळे त्या वेळी ताटात वाढलेले असे. तिने बोट लावून दाखवले, तर "आत्ता आणून ठेवलंस" असे म्हणत. अण्णा हे मुद्दाम करतात, अशी तिची समजूत झाली होती, आणि ते सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात आणि भाजी, आमटी उजव्या बाजूला. अण्णांच्या तक्रारीतला प्रत्येक पदार्थ डावीकडचा होता. मेंदूच्या उजव्या अर्धगोलाला रक्त पुरवणाऱ्या मधल्या रोहिणीत गुठळी अडकून मागच्या बाजूच्या पार्श्वखंडाला इजा झाल्याचे सीटी स्कॅनच्या अहवालात होतेच.

प्रथम त्यांचे डोळे तपासणे आवश्यक होते. समोर बसून मी नुसते त्यांच्या डावीकडचे बोट हलवले, तेव्हा त्यांनी ते ओळखले. दोन्हीकडची बोटे एकदम हलवली, तेव्हा त्यांना फक्त उजवे दिसले. डावीकडचे दृश्य मेंदूपर्यंत पोचत होते, पण उजवीकडे दुसरे काही असले की त्याची दखल घेतली जात नव्हती. कागदावरच्या आडव्या रेघेचा मध्य त्यांनी उजव्या टोकाकडे दाखवला, घड्याळाचे बाराही आकडे उजव्या अर्ध्या वर्तुळात कोंबले आणि वर्तमानपत्रातली प्रत्येक ओळ मध्यापासून वाचायला सुरुवात केली. अर्थ लागत नसल्याचा दोष त्यांनी छापणाऱ्यांना दिला. दुपारी घरच्या डब्यातले जेवण मी ताटात रीतीप्रमाणे वाढायला सांगितले. त्यांनी भाजी-पोळी संपवून ताट बाजूला सारले, तेव्हा मी तेच ताट त्यांच्या देखत अर्धे फिरवले. कोशिंबीर पाहून ते प्रसन्न झाले आणि सुनेला म्हणाले, "ही आधी का नाही वाढलीस?"

एवढ्यावर निदान होत होते. दिसत असूनही एका बाजूची दखलच न घेण्याच्या या विकाराला 'नेग्लेक्ट' म्हणजे एकतर्फी दुर्लक्ष म्हणतात. तरीही मला आणखी एक गोष्ट पाहायची होती. मिलानमध्ये एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती यांनी १९७८ साली अशाच रुग्णांना त्या शहरातल्या कॅथीड्रलसमोरच्या चौकाचे वर्णन मनाने करायला सांगितले होते. चौकाच्या एका टोकाला कॅथीड्रलकडे तोंड करून उभे असल्याची कल्पना केली की रुग्ण उजवीकडच्या इमारती सांगत आणि डावीकडच्या गाळत. कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून उलट दिशेने पाहत असल्याची कल्पना केली की आधी गाळलेल्या इमारती सांगत आणि आधी सांगितलेल्या गाळत. अण्णांचा चौक म्हणजे त्यांचे दुकान. सूनबाईंकडून मी दुकानाचा नकाशा काढून घेतला. गल्ला मागच्या भिंतीशी असून त्यावर बसणाऱ्याचे तोंड रस्त्याकडे येते. त्याच्या उजव्या हाताला तेलाचे डबे, साबण, चहा, काडेपेट्या आणि डाव्या हाताला डाळी, कडधान्ये, गूळ, मसाले.

मी अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि गल्ल्यावर बसून दुकानात काय काय दिसते ते विचारले. त्यांनी तेल, साबण, चहा, काडेपेट्या कोणत्या फळीवर काय आहे यासकट सांगितल्या आणि ते थांबले. "आणखी काही?" असे विचारल्यावर "झालं सगळं" म्हणाले. ज्या डाळींवर त्यांचा निम्म्याहून अधिक धंदा चालतो, त्यांचा उल्लेखही झाला नव्हता. मग मी म्हटले, "अण्णा, आता तुम्ही गिऱ्हाईक आहात. पायरी चढून आत या आणि गल्ल्याकडे पाहा." ते लगेच तूरडाळ, हरभरा, मूग, गुळाच्या ढेपा, हळद, मिरची असे सांगू लागले, भावदेखील सांगितले, पण थोड्या वेळापूर्वी स्वतःच मोजलेले तेल आणि साबण आता त्यांच्या दुकानात नव्हते. सूनबाई हे सारे समोर बसून पाहत होत्या. पुस्तकात अनेकदा वाचलेली ही गोष्ट प्रत्यक्ष ऐकताना मीही क्षणभर पुढचा प्रश्न विचारायचा विसरून गेलो.

अण्णांची स्मृती शाबूत होती, नाहीतर दुकानाचा दुसरा निम्मा भाग दिशा बदलताच त्यांना आठवला नसता. इजा झाली होती ती अवकाशाची मांडणी करून तिच्या दोन्ही बाजूंवर लक्ष पसरवणाऱ्या यंत्रणेला. मेंदूचा उजवा अर्धगोल दोन्ही बाजूंकडे लक्ष पुरवतो आणि डावा प्रामुख्याने उजवीकडे, असे एक सर्वमान्य होत आलेले स्पष्टीकरण आहे. त्यामुळे डाव्या अर्धगोलाला इजा झाली तर उजवा निभावून नेतो, पण उजव्याला झाली तर डावी बाजू पोरकी होते. पार्श्वखंडाचा खालचा भाग, त्याचा कानशिलाच्या खंडाशी होणारा सांधा आणि त्यांना ललाटखंडाशी जोडणारे तंतू यांपैकी नेमकी कोणाची इजा निर्णायक, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भाषेची केंद्रे बहुसंख्य लोकांत डाव्या अर्धगोलात असतात, हे पॉल ब्रोका यांच्या १८६१ मधल्या निरीक्षणापासून ठाऊक होत गेले. अण्णांचा तो अर्धगोल धड होता. म्हणूनच ते तर्कशुद्ध बोलत, हिशेब करत आणि जे जाणवत नव्हते त्याचा दोष सुनेकडे किंवा छापखान्याकडे जाईल असे पटण्याजोगे कारण शोधत.

लक्षात न आलेल्या गोष्टीचा मेंदूवर काहीच परिणाम होत नाही, असेही नाही. जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णेला घराची दोन चित्रे दाखवली होती. त्यांपैकी एका घराच्या डाव्या बाजूने ज्वाळा निघत होत्या. दोन्ही घरे सारखीच आहेत असे ती सांगे, पण राहायला कोणते आवडेल असे विचारले की बहुतेक वेळा न जळणारे निवडे. अण्णांच्या सुनेला मी हे सांगितले, तेव्हा तिने विचारले, "म्हणजे मी त्यांच्या डाव्या हाताला बसून हाक मारते, तेव्हा ते ओ देत नाहीत, ते यामुळेच का?" होय, यामुळेच. स्वतःच्या व्यंगाची जाणीवच नसणे हाही या इजेचा भाग असू शकतो आणि त्याला स्वतंत्र नाव जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्येच दिले होते. अशा घरांत हट्ट, खोड किंवा आकस म्हणून किती नाती कडू होत असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो. त्यामुळे कुटुंबाला समोर बसवून या चाचण्या दाखवणे मी उपचाराचाच भाग मानतो.

पुढचे उपचार साधे आणि चिकाटीचे होते. खातेवहीच्या आणि ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची. दुसऱ्याने ताट फिरवून द्यायचे नाही, कारण शोधण्याची सवय त्यांनाच लागायला हवी. घरच्यांनी महत्त्वाचे बोलणे सुरुवातीला उजवीकडून करायचे आणि हळूहळू डावीकडे सरकत जायचे. दृश्य उजवीकडे सरकवणाऱ्या लोलकांचा चष्मा लावून बोटाने नेम धरण्याचा व्यायामही आम्ही दिला. ही पद्धत रोसेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडली. तिचा लाभ सगळ्यांना सारखा होत नाही, अण्णांना थोडा झाला. काही महिन्यांनी ते मुलासोबत गल्ल्यावर बसू लागले. गिऱ्हाईक एकटे डावीकडे उभे असेल तर त्यांना ते दिसते, पण दुसरे उजवीकडून बोलू लागले की डावीकडचे अजूनही सुटते. म्हणून रस्ता एकट्याने ओलांडायची परवानगी मी त्यांना अद्याप दिलेली नाही.