लुक्ला ते काला पत्थर: पाय कुठे थकतात आणि डोकं कुठे

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर थकवा दोन ठिकाणी तयार होतो. एक स्नायूंमध्ये आणि दुसरा मेंदूत. चालणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, ‘आता पाऊल उचलत नाही’ एवढंच कळतं. पण पायांचा थकवा खाऊन, पाणी पिऊन आणि बसून उतरतो. डोक्याचा थकवा झोप झाल्याशिवाय किंवा उंची कमी केल्याशिवाय जात नाही. या वाटेवर बहुतेक गडबडी या दोन्हींची गल्लत केल्यामुळे होतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामातली ही वाट इथे त्याच नजरेने टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

रामेछाप ते फाकडिंग

पायी वाट लुक्लाच्या विमानतळापासून सुरू होते. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मन्थलीहून सुटतात. सकाळचं विमान गाठायचं तर काठमांडूहून रात्री एक-दोनला गाडीत बसावं लागतं आणि चार-पाच तासांचा वळणांचा रस्ता पार करावा लागतो. मन्थली साधारण ४७५ मीटरवर आहे आणि लुक्ला २,८६० मीटरवर. पंधरा-वीस मिनिटांत एवढी उंची चढून, रात्रीची झोप नसताना, चालायला सुरुवात होते.

पुढची वाट मात्र सोपी आहे. फाकडिंग २,६१० मीटरवर, म्हणजे लुक्लापेक्षा खालीच. पाय ताजे असल्यामुळे गट भराभर निघतो आणि ‘आजच पुढचं मोंजो गाव गाठू’ असा विचार सुरू होतो. तो करू नये. डोकं थकलेलं असलं की स्नायू ताजे असूनही माणूस लवकर थांबतो. सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे मोजून दाखवलं. नव्वद मिनिटं एकाग्रतेचं काम करून मग सायकल चालवणारे लोक एरवीपेक्षा सुमारे १५ टक्के लवकर थांबले. नाडी आणि रक्तातलं लॅक्टेट (स्नायूंच्या श्रमात तयार होणारा पदार्थ) पाहता शरीराची अवस्था तीच होती, फक्त कष्ट जास्त जाणवत होते. त्याच्या शंभरेक वर्षं आधी इटलीच्या आंजेलो मोस्सो यांना तोंडी परीक्षा घेऊन दमलेल्या प्राध्यापकांच्या बोटांची ताकदही कमी भरलेली दिसली होती.

म्हणून शक्य असेल तर आदल्या दुपारीच मन्थलीला पोहोचून तिथे झोपावं. ते जमलं नाही तर पहिल्या दिवशी फाकडिंगलाच थांबावं, दुपारी लांब झोप काढू नये आणि रात्री आठला आडवं व्हावं.

नामचेची चढण: इथे पायच थकतात

हिलरी पुलानंतर नामचेपर्यंत (३,४४० मीटर) सलग सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे. संपूर्ण वाटेत स्नायूंचा थकवा इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे कळत नाही. मांड्या भरून येतात, पोटऱ्या ताठरतात. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण अपुरं आहे. लॅक्टेट तर हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. जोरात चढताना स्नायूपेशीत फॉस्फेट साचतं, त्यामुळे आकुंचनाची पकड सैल होते. त्याच वेळी पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम कमी सुटतं, म्हणजे आकुंचनाचा हुकूमच क्षीण होतो. हे काही मिनिटांच्या विश्रांतीने बरंचसं भरून येतं. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, संपलं तर मात्र विश्रांती पुरत नाही, खावंच लागतं.

वेग ठरवायला घड्याळ नको, बोलणं पुरे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्यावीत. ३० ग्रॅम म्हणजे साधारण चार-पाच मध्यम खजूर. भूक लागायची वाट पाहू नये, दर अर्ध्या तासाला थोडं खावं. वर गेल्यावर भूक मरते, त्यामुळे ही सवय खालीच लावून घ्यावी. उंचीवर कर्बोदकांचा आणखी एक फायदा आहे. घेतलेल्या प्रत्येक लिटर ऑक्सिजनमागे चरबीपेक्षा त्यांच्यातून थोडी जास्त ऊर्जा मिळते.

थंड प्रदेशात आलोय म्हणून या चढणीवर उष्णता विसरली जाते. ऊन थेट अंगावर असतं, पाठीवर सॅक आणि अंगात जाड थर. शरीर तापलं की हृदयाला स्नायूंबरोबर त्वचेलाही रक्त पुरवावं लागतं. घामाने रक्तातलं पाणी घटतं आणि वेग तोच असूनही नाडी चढत जाते. शरीराच्या आतलं तापमान वाढेल तसा मेंदू स्नायूंकडे जाणारा आदेश कमी करतो. तापमान ४० अंशांच्या आसपास गेलं की तयारीचे धावपटूसुद्धा आपणहून थांबतात. त्यामुळे सकाळी सातच्या आत निघावं, अंगात एकच पातळ थर ठेवावा. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजावं. दिवसभरात तीन-चार लिटर पाणी पुरे आणि त्यातलं एक लिटर ओआरएसचं असावं. घाम खूप आणि पाणी नुसतंच साधं, तेही बळजबरीने ढोसलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं आणि ते विरळ हवेच्या त्रासासारखंच दिसतं.

नामचे ते डिंगबोचे

नामचेला एक जादा रात्र काढावीच. तो दिवस लोळून घालवायचा नाही. ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत सावकाश चढून परत खाली झोपायला यावं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, हा नियम सगळ्या वेळापत्रकाचा कणा आहे.

तेंगबोचेच्या दिवशी वाट आधी फुंकी तेंगापर्यंत (३,२५० मीटर) उतरते आणि मग ३,८६० मीटरपर्यंत चढते. उताराला घाई केली की मांड्या तिथेच संपतात, पुढची चढण जड जाते. चालताना टेकायच्या काठ्या, म्हणजे पोल, इथपासूनच वापरात हवेत.

डिंगबोचेला (४,४१० मीटर) झोपेचा प्रश्न सुरू होतो. विरळ हवेत श्वास जोरात चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग झोपेत मेंदू काही सेकंद श्वासच थांबवतो आणि नंतर एकदम धापेसह जाग येते. शेजारी झोपलेला माणूस हे ऐकून घाबरतो, पण या उंचीवर ते सर्रास होतं. त्रास होतो तो तुकड्यातुकड्यांच्या झोपेमुळे. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही टाळावं, कारण त्यांनी श्वास आणखी मंदावतो. ॲसिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरच्या गोळीने हे श्वास थांबणं कमी होतं. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा नेहमीचा डोस आहे. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा चालू औषधं असतील तर घरून निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. त्याने लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या म्हणून गोळी बंद करायची गरज नाही. रोजचा चहा-कॉफीही एकदम तोडू नये. ती बंद झाल्यावर उठणारी डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीपासून वेगळी ओळखता येत नाही.

लोबुचे आणि गोरक्षेप: इथे डोकं लगाम खेचतं

थुक्लानंतरचा चढ संपला की गिर्यारोहकांची स्मारकं लागतात. तिथून वाट फार उभी नाही, तरी वीस-तीस पावलांवर थांबावं लागतं. गोरक्षेपला (५,१६४ मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. हवेतला ऑक्सिजनचा वाटा २१ टक्केच असतो, पण दाब कमी असल्यामुळे रक्तात तो कमी उतरतो. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असूनही शरीराच्या ऑक्सिजनपैकी सुमारे पाचवा हिस्सा घेतो. पुरवठा घटला की तो स्नायू पूर्ण थकायच्या आधीच त्यांचा आदेश कमी करतो. प्रयोगशाळेत तीव्र विरळ हवेत माणूस थकून थांबला की त्याच क्षणी त्याला ऑक्सिजन देऊन पाहिलं गेलं आहे. तो तसाच पुढे व्यायाम चालू ठेवतो, म्हणजे पायांत ताकद शिल्लक होती.

वाटेवर ओळखायचं कसं? उभ्याउभ्या दोन मिनिटं थांबून पाहा. धाप बसली, एकदम ताजं वाटलं आणि पुन्हा तीस पावलांत तीच गत झाली, तर लगाम डोक्याचा आहे. वेग निम्म्यावर आणा आणि एका पावलाला एक पूर्ण श्वास अशी लय धरा. थांबूनही मांड्या जड आणि थरथरत्याच राहिल्या, तर पायांना खाणं हवं आहे.

रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बहुतेक गटांकडे असतो, पण तो चुकीचा वापरला जातो. गार बोटावर आकडा खोटा कमी येतो. पाच मिनिटं बसावं, हात काखेत ऊबवावेत, नखाचा रंग काढलेला असावा, आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्यावा. गोरक्षेपला ७५ ते ८५ हे आकडे बऱ्याच धडधाकट लोकांचेही येतात. नुसत्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, माणसाकडे पाहावं.

त्यासाठीची साधी चाचणी टी-हाऊसच्या, म्हणजे मुक्कामाच्या घराच्या, लाकडी जमिनीवरच होते. फळीची एक सांध निवडा आणि टाचेला चवडा लावत दहा-बारा पावलं चालायला सांगा. थकलेला माणूस कुरकुर करेल, पण सरळ चालेल. तोल गेला, हात पसरावे लागले, बोलण्यात असंबद्धता आली, बुटाची नाडी बांधताना गोंधळ झाला, तर ती दमणूक नाही, मेंदूला सूज येत असल्याची खूण आहे. बसल्याजागी दम लागणं आणि कोरडा खोकला ही फुप्फुसात पाणी भरत असल्याची खूण. दोन्हींत रात्र असो वा पहाट, निदान ३०० ते १,००० मीटर खाली उतरवायचं, सोबत कुणीतरी हवंच. ऑक्सिजन असेल तर लगेच लावायचा. सकाळपर्यंत वाट पाहिल्यामुळेच इथे जीव जातात. डिंगबोचेजवळच्या फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र हंगामात सुरू असतं आणि तिथे उंचीच्या त्रासावर माहितीसत्रही होतं. जाताना डिंगबोचेला मुक्काम असला तरी वाट वाकडी करून ते ऐकावं.

काला पत्थरची पहाट

काला पत्थर म्हणजे गोरक्षेपच्या वरची, एव्हरेस्ट दिसणारी टेकडी. अंधारात, शून्याखाली दहा-पंधरा अंशांत तिची चढण सुरू होते. थंड स्नायू हळू आकुंचन पावतो, नसांतून संदेश सावकाश जातो. कुडकुडण्यात ग्लायकोजेन जळतं आणि ते आधीच कमी असतं. निघण्यापूर्वी काहीतरी गरम आणि गोड पोटात जाऊ द्यावं. खोलीतच दहा मिनिटं बसणं-उठणं करून मांड्या गरम कराव्यात. पाण्याची बाटली जॅकेटच्या आत ठेवावी. पाण्याच्या पिशवीच्या नळीतलं पाणी गोठतं. हेडलॅम्पच्या सुट्या बॅटऱ्याही अंगालगतच. बोटं बधिर झाली की झिपसुद्धा लागत नाही, म्हणून आत पातळ हातमोजे आणि वर जाड मिटन (बोटं एकत्र राहणारे हातमोजे) असे दोन थर घालावेत.

उतार

सगळ्यात जास्त स्नायू परततानाच दुखावतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दम अजिबात लागत नाही, म्हणून वेग वाढतो. खाली येईल तसा ऑक्सिजन वाढून डोकंही तरतरीत होतं आणि माणूस जवळजवळ पळू लागतो. दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं, म्हणजे नेमकं नामचेहून लुक्लाला जाताना. त्या दिवशी शेवटची वाट पुन्हा चढाची आहे. घोटे मुरगळतात ते याच दिवशी, दुपारनंतर. पोल थोडे लांब करून पावलं आखूड ठेवावीत, गुडघा कधीही ताठ ठेवून आपटू नये, आणि फेरिचे ते नामचे हा टप्पा घाईने उरकू नये.

यावरची तयारी घरीच होते, आणि ती चढण्याची नाही तर उतरण्याची. निघण्याआधी सहा-आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन जिने उतरावेत. सुरुवात दहा मजल्यांपासून करून चाळीसपर्यंत न्यावं, वर जायला लिफ्ट घेतली तरी चालेल. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस मांड्या सणकून दुखतील. दुसऱ्या खेपेला बरंच कमी दुखेल, कारण एकदा अशी इजा भरून आली की स्नायू पुढच्या वेळी तिला चांगलं तोंड देतो आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. शेवटचं सत्र विमानाच्या दहाएक दिवस आधी संपवावं.