२८० हर्ट्झचा षड्ज

हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवर १९५८ पासून मोजल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे मासिक आकडे दालनात पहिल्यांदा ध्वनिरूपात वाजले, त्या दिवसाची ही हकिगत. पद्धत मुद्दाम साधी ठेवली होती: जितके पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांतले भाग), तितके हर्ट्झ (सेकंदाला कंपनं). सेकंदाला बारा महिने या वेगाने १९५८ ते २०२४ हा प्रवास सुमारे ६७ सेकंदांत संपतो. उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की आकडा पाच-सहा पीपीएमने उतरतो आणि हिवाळ्यात पुन्हा चढतो. त्यामुळे स्वराला सेकंदाला एक संथ आंदोलन मिळतं. वेग सहापट केला तर तेच व्हायब्रॅटोसारखं, म्हणजे गायकाच्या आवाजातल्या कंपासारखं, भासतं आणि ऋतू कानातून निसटतो.

सुरू करताच पहिल्या सेकंदात तीनदा आणि मग सहाव्या सेकंदाच्या सुमारास पाव सेकंदभर खर्जातली घरघर आली. आवाज १०० हर्ट्झच्या आसपासचा. ५० हर्ट्झची वीज असली की पहिला संशय अर्थिंगवर जातो, त्यामुळे ध्वनितंत्रज्ञाने केबल बदलल्या, घरघर तोडणारा डीआय बॉक्स लावला. फरक शून्य. पण विजेची घरघर वेळापत्रक पाळत नाही, ही मात्र दर फेरीत त्याच क्षणी येत होती. फाइल उघडल्यावर उलगडा झाला. ही मोजमापं ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या मासिक फाइलमध्ये मोजमाप नसलेल्या महिन्यापुढे उणे ९९.९९ लिहिलेलं असतं. १९५८ चे जानेवारी, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर तसे आहेत, १९६४ चे फेब्रुवारी ते एप्रिलही. आम्ही वापरलेल्या प्युअर डेटा या ध्वनी-सॉफ्टवेअरमधला ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारा भाग) ऋण वारंवारता बिनतक्रार वाजवतो. लहरीची कला (फेज) उलटी होते, कानाला ती १०० हर्ट्झच वाटते.

त्याच फाइलमध्ये रिकाम्या जागा गणिताने भरलेला वेगळा स्तंभ आहे, तो घेता आला असता. आम्ही नाही घेतला. १९६४ ची पोकळी निधी आटल्यामुळे पडली होती, तीही नोंदच आहे. तिथे शांतता ठेवली आणि टक् असा आवाज येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना २० मिलिसेकंदांचा उतार-चढाव दिला.

दुसरा घोळ खोलीचा. शुद्ध साइन लहर कडक भिंतींत स्थिर तरंग उभे करते. ३१५ ते ४२० हर्ट्झला तरंगलांबी साधारण १०९ ते ८२ सेंटिमीटर, त्यामुळे डोकं वीस-पंचवीस सेंटिमीटर हललं तरी आवाज मोठ्याचा बारीक होतो. ऐकणारा तो फरक आकडेवारीचा समजतो. म्हणून दुसरा, तिसरा, चौथा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट स्वर) अनुक्रमे १/२, १/३, १/४ पातळीने मिसळले आणि मागच्या भिंतीवर शोषक पॅनेल लावले.

आता मूळ अडचण. संदर्भाशिवाय हा संथ चढ कळत नाही, म्हणून खाली औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीचा, २८० हर्ट्झचा, अखंड षड्ज धरला. गुणोत्तरं मांडली आणि सगळे गप्प झाले. ३१५ म्हणजे ९/८, शुद्ध रिषभ. ३५० म्हणजे गांधार, तो १९८८ च्या सुमारास लागतो. ३७३ चा मध्यम २००२ मध्ये, आणि ४२० चा पंचम २०२२ मध्ये. रे ते ग जायला तीस वर्षं. म ते प हे अंतर त्याहून मोठं, तरी वीसच. वेग वाढतोय हे आलेख न बघता ऐकू येतं.

पण पंचमावर स्वर सुखाने टेकतो. वर मिसळलेल्या हार्मोनिकमुळे तर जास्तच, कारण षड्जाचा तिसरा आणि पंचमाचा दुसरा दोन्ही ८४० हर्ट्झवर मिळतात. आयोजकांना हा शेवट इतका आवडला की २०२२ वरच थांबा म्हणाले. माझ्या मते ही सरळ फसवणूक होती. आकडे कुठेही टेकलेले नाहीत, टेकलंय ते २८० आणि ४२० मधलं गुणोत्तर. षड्ज काढून टाकावा असाही विचार झाला, पण मग चढच हरवतो. शेवटी २०२४ पर्यंतची पूर्ण फाइल चालू दिली. मे २०२४ ला आकडा सुमारे ४२७ आहे. त्याचा दुसरा हार्मोनिक ८५४ वर जातो आणि षड्जाच्या ८४० शी सेकंदाला १४ ठोके (आवाजाचे चढउतार) देतो. सप्टेंबरात स्वर ४२२ च्या आसपास उतरला की ठोके चारवर येतात. आयोजकांना ते बेसूर वाटलं. तसंच ठेवलं.