‘जलनियंत्रक द्वार’ आणि मानस

खाजन शेतीवरच्या आमच्या वर्गातल्या सादरीकरणात गटातली चोडण बेटावरची मैत्रीण ‘जलनियंत्रक द्वारांच्या माध्यमातून’ या शब्दांवर तीनदा अडखळली. चौथ्या वेळी तिने वाक्य अर्धेच सोडले आणि पुढची स्लाइड लाव म्हणून मला खूण केली. वर्ग शांत होता, पण ती शांतता ऐकणाऱ्यांची नव्हती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारले, ‘‘म्हणजे मानस काय गो?’’

‘‘हां, मानस!’’ म्हणत तिने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि बोलू लागली. मानस म्हणजे शेताच्या बांधातले लाकडी दार. भरतीला नदीचे पाणी बाहेरून त्या दारावर दाबते, दार आपोआप बंद होते, खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला नदीची पातळी उतरली की आतले पाणी दाराला बाहेर ढकलते आणि वाट करून घेते. माणसाने रात्री उठून दार लावायला नको की उघडायला नको. ओहोटीच्या वेळी तिथेच जाळे लावतात, सुंगटे (कोळंबी), शेवटे असे मासे मिळतात, आणि त्या मासेमारीच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. हे सांगताना तिचे दोन्ही तळवे समोर उभे होते, दाराच्या फळ्यांसारखे, भरतीला मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे. जेमतेम दोन मिनिटे ती बोलली असेल. आमच्या बारा मिनिटांच्या सादरीकरणात वर्गाने मान वर करून ऐकली ती तेवढीच.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी विषय घेऊन. भाषिक कौशल्यांच्या पेपरात आयएसएसाठी, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत मूल्यमापनासाठी, पाच जणांनी मिळून सादरीकरण करायचे होते. आम्ही विषय घेतला ‘गोव्यातली खाजन शेती’, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीतली शेती. सादरीकरणाचे चित्रीकरण होणार, ते आपण बघायचे, मग प्रत्येकाने स्वतःबद्दल दोन पाने लिहायची, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर तोच विषय पुन्हा मांडायचा, अशी एकूण रीत होती. तोच विषय दोनदा का, हे तेव्हा मला कळले नव्हते.

पहिल्या वेळची तयारी आम्ही कशी केली ते सांगते, कारण बहुतेक गट तशीच करतात. विषयाचे पाच तुकडे पाडले. इतिहास एकाकडे, बांध आणि मानस चोडणच्या मैत्रिणीकडे, पीक फोंड्याच्या मुलाकडे, आजची स्थिती माझ्याकडे, समारोप वाळपईच्या मुलाकडे. ज्याने त्याने आपापला तुकडा घरी लिहिला आणि आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाकला. फोंड्याच्या मुलाने सगळे एका फाइलमध्ये जोडले. सादरीकरणाच्या दिवशी सकाळपर्यंत मी इतर चौघांचे भाग एकदाही ऐकले नव्हते. खाजन म्हणजे काय, याची व्याख्या आमच्यापैकी तिघांनी तीनदा दिली, हे मला चित्रफीत बघताना कळले.

चित्रफीत बघणे सोपे नव्हते. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की तो परक्या माणसाचा वाटतो. मी माझ्या कागदाची खालची कड अंगठ्याने सतत दुमडत होते आणि सोडत होते, आणि त्याचा आवाज माइकमध्ये येत होता. पण त्याहून जास्त मला बोचले ते दुसरेच. मैत्रीण अडखळत होती तेव्हा मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ओठ हलवत माझा भाग पाठ करत होते. बाकीचे तिघेही तेच. एकाच फळ्यासमोर पाच माणसे आपापल्या खोलीत असल्यासारखी उभी होती.

मग ती दोन पाने. मी पहिल्या मसुद्यात लिहिले, ‘माझा आत्मविश्वास कमी पडला, पुढच्या वेळी मी अधिक सराव करीन.’ मॅडमनी कागद परत दिला. ‘आत्मविश्वास’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल होता आणि बाजूला दोनच शब्द: ‘कुठल्या क्षणी?’

त्या दोन शब्दांनी माझ्याकडून जेवढे काम करून घेतले तेवढे कुठल्या भाषणाच्या पुस्तकाने करून घेतले नसते. मी चित्रफीत पुन्हा लावली, थांबवत थांबवत. माझा आवाज खाली गेला तो क्षण सापडला. मी म्हणत होते, ‘‘गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर क्षेत्र खाजनाखाली आहे.’’ ‘हेक्टर’ म्हणताना आवाज विरला आणि डोळे कागदात गेले. का? तर १८ हजार हेक्टर म्हणजे किती, हे मलाच ठाऊक नव्हते. कुणी विचारले असते तर मी काय सांगणार होते? भीती वर्गाची नव्हतीच. ज्या वाक्यात मी स्वतः उभी नव्हते, त्या वाक्यात पाय लटपटत होते. मग बसून हिशेब केला. १०० हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर, म्हणजे १८० चौरस किलोमीटर. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२. म्हणजे आपल्या जमिनीचा जवळपास विसावा भाग बांध घालून, खाऱ्या पाण्याला थोपवून उभा केलेला आहे. हे कळल्यावर मला ते कुणाला तरी सांगावेसे वाटले. आईलाच सांगितले, ती भाजी चिरत होती.

आमच्या गटात एक सल होता तोही या लेखनात वर आला. वाळपईचा मुलगा तयारीच्या एकाही बैठकीला आला नव्हता आणि आम्ही चौघे त्याच्यावर चिडून होतो. एकमेकांच्या कामाला गुण द्यायचे होते, तिथे मी त्याला सगळ्यात कमी दिले. नंतर त्याची दोन पाने वाचली. तो संध्याकाळी औषधांच्या दुकानात कामाला जातो आणि शेवटची बस धरून घरी पोचतो. आम्ही बैठकीची वेळ संध्याकाळी पाचची ठेवली होती, त्याला न विचारता. त्याने कुणाला दोष दिला नव्हता, फक्त लिहिले होते, ‘मी आधी सांगायला हवे होते.’ माझ्या पानांवर मी लिहिले, ‘आम्ही आधी विचारायला हवे होते.’ ते गुण बदलता आले नाहीत, याचे मला अजून वाईट वाटते.

भाषेचाही प्रश्न होता. आमच्यासारख्या अनेकांचे शिक्षण चौथीपर्यंत मराठीत, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. घरात, बाजारात कोंकणी. मराठी आमची वाचनाची, नाटकाची, देवळातल्या कीर्तनाची भाषा. त्यामुळे ‘व्यासपीठावर मराठी’ म्हटले की आम्ही आपोआप अग्रलेखाची मराठी लिहू लागतो. मानस, पोय, बांध, कोरगुट हे शब्द मराठी कागदावर चालतील का, अशी शंका येते आणि त्यांच्या जागी आपण ‘द्वार’, ‘जलसाठा’, ‘क्षारप्रतिरोधक वाण’ घालतो. मला मराठीचे प्रेम आहे म्हणूनच सांगते, या शब्दांनी मराठी वरची होत नाही. ज्या माणसाने मानस बांधली, त्याच्या तोंडचा शब्द मराठीत बसतो आणि शोभतो.

चवथीला मी पेडण्याला घरी गेले. माझे काका दशावतारात काम करतात. लहानपणापासून मी त्यांना राजा, राक्षस, ऋषी अशा सगळ्या वेषांत पाहिले आहे, पण एक गोष्ट कधी नीट विचारली नव्हती. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, प्रवेशांचा क्रम ठरतो आणि रंगपटात तोंड रंगवता रंगवता कोण काय करणार एवढे बोलून घेतात. संवाद रंगमंचावरच जन्माला येतात, पेटी-मृदंगाच्या साथीने, पहाटेपर्यंत. मी काकांना विचारले, ‘‘पाठांतर नसताना तुम्हाला शब्द सुचतात कसे?’’

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, ‘‘समोरचो खंय थांबता तां आयक आदी.’’ म्हणजे, समोरचा कुठे थांबतो ते आधी ऐक.

आणि त्यांनी मला करून दाखवले. मला म्हणाले, तू तुझ्या खाजनावर काहीही बोल. मी दोन वाक्ये बोलले आणि ‘‘... म्हणून बांध राखावा लागतो’’ इथे थांबले. त्यांनी लगेच उचलले, ‘‘बांध राखावा लागतो? पण राखणार कोण, महाराज?’’ आवाज तोच, राजसभेतला. मी हसले, पण माझे पुढचे वाक्य तयार होते! कूळ कायदा १९६४ सालचा, त्याआधी बांधांची देखरेख गावकरीकडे म्हणजे कोमुनिदादीकडे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) असे, नंतर ती कुळांच्या संघांकडे आली, हे माझ्या कागदावर होतेच. फक्त ते कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे हे मला दिसले नव्हते.

त्याच दिवसांत आणखी एक गंमत फोंड्याच्या मुलाने गटावर पाठवली. त्याच्या वाड्यावरच्या घुमट आरतीची, म्हणजे घुमट हे मातीचे वाद्य वाजवत म्हटलेल्या आरतीची, चित्रफीत. वर्गात ज्याचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तोच आरतीला सगळ्यांच्या वर. आम्ही त्याला म्हटले, हा आवाज तर तुझ्याकडे आहेच. त्याने नंतर सांगितले की आरतीला तो श्वास पोटातून घेतो, वर्गात मात्र बोलायला उभा राहिला की श्वास घ्यायचाच विसरतो. दुसऱ्या वेळी त्याने एवढेच केले: उभा राहिला, एक पूर्ण श्वास घेतला, समोर बघितले आणि मग पहिला शब्द.

सुट्टी संपल्यावरच्या रविवारी आम्ही पाचही जण चोडणला गेलो. वेळ सकाळची, वाळपईच्या मुलाला विचारून ठरवलेली. रायबंदरला फेरीबोटीत चढलो आणि इंजिनाच्या घरघरीत एकमेकांना आपापला भाग सांगितला. ओरडूनच सांगावा लागत होता, त्यामुळे लांब वाक्ये आपोआप गळून पडली. मैत्रिणीने आम्हाला बांधावर नेले. एका बाजूला खारफुटी आणि मांडवीचे पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवेगार भात, आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम दोन माणसे बाजूबाजूने चालतील एवढी मातीची वाट. पाण्याची पातळी शेतापेक्षा वर दिसत होती. मी ‘बांध’ हा शब्द किती वेळा लिहिला होता! तिथे उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा वाटले की ही वाट एका ठिकाणी जरी खचली तरी पलीकडचे सगळे जाईल.

मानशीपाशी मैत्रिणीचे बाबा भेटले. फळीवर हात ठेवून ते म्हणाले, ‘‘पाणीच हिचा राखणदार.’’ आम्ही ते वाक्य त्यांना विचारून आमच्या सादरीकरणात घेतले.

दुसऱ्या वेळी स्लाइड चारच होत्या आणि त्यांवर छायाचित्रे, अक्षरे जवळजवळ नाहीत. हातात कागद कुणाच्याच नाही, पोस्टकार्डाएवढे एकेक कार्ड, त्यावर पाचसहा शब्द. सुरुवात इतिहासाने न करता मानशीने केली. कोण कुठे थांबणार ते ठरले होते, शब्द ठरले नव्हते. मैत्रीण ‘‘... आणि खारे पाणी बाहेरच राहते’’ म्हणून थांबली की फोंड्याच्या मुलाने तिच्याकडे बघत उचलायचे, ‘‘तरी जमिनीत थोडे मीठ उरतेच, म्हणून इथे कोरगुट.’’ पावसाळ्यात वरचे मीठ धुतले जाते आणि तेव्हाच हे भात घेतात, हे त्याने घुमटाच्या तालासारखे तुटक, स्पष्ट सांगितले. माझ्या वाट्याचा विसावा भाग मी हिशेबासकट फळ्यावर मांडला. या वेळी ‘हेक्टर’ म्हणताना मी समोरच्या बाकावर बघत होते.

सगळे नीट झाले असे नाही. आम्ही वेळेपेक्षा दोन मिनिटे जास्त घेतली, त्यामुळे वाळपईच्या मुलाचा समारोप घाईत आटपला. पुन्हा त्याच्याच वाट्याचे कापले गेले, आणि हे मी माझ्या दुसऱ्या लेखनात पहिल्याच ओळीत लिहिले, क्षणासकट: दहाव्या मिनिटाला मी फळ्यावर लिहीत राहिले, तिथे.

प्रश्नोत्तरांत एका मुलाने मला विचारले, ‘‘बांध फुटला, खारे पाणी आत आले, मग बांध दुरुस्त केला. पुढच्या वर्षी भात येते का?’’

मला माहीत नव्हते. पहिल्या वेळी मी काहीतरी बोलले असते. या वेळी म्हटले, ‘‘मला माहीत नाही,’’ आणि मैत्रिणीकडे वळले. ती आधीपासूनच प्रश्न ऐकत होती, माझ्याकडे बघत होती. एक पाऊल पुढे आली.

‘‘एका पावसात मीठ धुऊन जात नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या आजोबांचे एक शेत होते, त्याचे सांगते.’’