फुलांच्या झेंड्याचं मूळ

आमच्या वॉसॉ गावाबाहेर पडलं की लांबवर काळी जाळी ताणलेली शेतं दिसतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले तेव्हा वाटलं, आपल्या निफाडसारखी शेडनेटमधली ढोबळी मिरची असेल. निघालं जिनसेंग, औषधी मुळांचं पीक. हे मूळचं जंगलातलं झाड, ऊन सोसत नाही, म्हणून ही सावली. अमेरिकेत लागवड होणारं जवळजवळ सगळं जिनसेंग आमच्या मॅरेथॉन काउंटीत आणि आसपास पिकतं. इथले लोक मात्र ते फारसं खात नाहीत. बहुतेक माल हाँगकाँग आणि चीनला जातो.

हा व्यवहार फार जुना आहे. अमेरिका स्वतंत्र झाली आणि लगेच, फेब्रुवारी १७८४ मध्ये, ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज न्यूयॉर्कहून चीनच्या कँटन बंदराला निघालं. त्यात सुमारे ३० टन जिनसेंग होतं. पुढच्या वर्षी ते चहा, रेशीम आणि चिनीमातीची भांडी घेऊन परतलं. चिनी लोक आजही या मुळाला ‘फुलांच्या झेंड्याचं जिनसेंग’ म्हणतात. अमेरिकेच्या झेंड्यावरचे तारे तिकडच्या लोकांना फुलं वाटली म्हणे. किती गोड नाव आहे!

ऑक्टोबरमध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे काढणी बघायला गेले. आधी काढलेला माल वाळून तयार होता आणि चीनमधल्या ग्वांगडाँगचा व्यापारी आला होता. त्याने पिंपातून मूठभर मुळं उचलली, एक कटकन मोडलं, आतली वर्तुळं उजेडात धरून पाहिली, वास घेतला, तुकडा दाढेखाली धरला. शेतकरी गप्प उभा. लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टरशेजारी माझे वडील असेच उभे राहायचे. दोघांना एकमेकांची भाषा चार शब्दांपलीकडे येत नाही, पण वीस वर्षांची ओळख आहे. भाव ठरला, आणि मग दोघांनी एकमेकांना नातवंडांचे फोटो दाखवले.

हे पीक हातात यायला तीन-चार वर्षं लागतात. एकदा घेतलं की त्या जमिनीत पुन्हा जिनसेंग नीट येत नाही, दरवेळी नवी जमीन शोधावी लागते. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर शुल्क लावलं, तेव्हा चीनने उलट एप्रिल २०१८ मध्ये जिनसेंगवर १५ टक्के जादा शुल्क बसवलं. आता पोलादाच्या भांडणात या माणसाचा काय संबंध? त्याचं पीक तर आधीच जमिनीत होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, त्या रात्री भाऊ फोनवर बोलता बोलता गप्प झाला होता. मला तीच शांतता आठवली.

निघताना शेतकऱ्याने पुडीभर चकत्या दिल्या. चहात कशा घालायच्या ते व्यापाऱ्याने खुणांनी दाखवलं: उकळतं पाणी, वर झाकण, मग थांबायचं. घरी करून पाहिलं. आधी चांगलंच कडू लागलं. मग घशाशी हळूच गोडी आली, आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येते ना, अगदी तशी.