मे महिन्यातली सायकल

जळगावात पिंप्राळ्याहून एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात मी सायकलनं जातो. वाट पूर्वेची, म्हणून सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. संध्याकाळी परतताना पश्चिमेचा वारा तोंडावर. पारा ४४ च्या वर गेला की तो वारा नव्हे, भट्टीची धग. डोक्याला रुमाल, खिशात कांदा. इच्छादेवी चौकापर्यंतच पाय भरून येतात.

मागच्या उन्हाळ्यात उभ्या सायकलची ट्यूब दोनदा फुटली. पंक्चरवाले काका म्हणाले, "भो, उन्हाळ्यात हवा टाइट भरू नको. आतली हवा तापून फुगते." तेव्हापासून चाक बोटानं दाबून बघतो, आणि सायकल कारखान्यामागच्या निंबाखालीच लावतो. ती सावली मिळावी म्हणून घरून दहा मिनिटं लवकर निघतो.