जर्मन मतांवर निवडून आलेला कार्ल शुर्त्स

सोलापूरच्या पूर्व भागात प्रचाराला गेलेला उमेदवार चार वाक्यं तरी तेलुगूत बोलतोच. अक्कलकोटकडं सरकला की कन्नड. म्हणून कार्ल शुर्त्स हा माणूस आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल. 1852 साली अमेरिकेत उतरलेला हा जर्मन पुढं वकील, जनरल, सिनेटर आणि मंत्री झाला, आणि त्यातलं बरंचसं त्याला गाववाल्यांच्या मतांमुळं मिळालं.

जन्म 1829 चा, कोलोनजवळच्या लिब्लार गावातला. बॉनला शिकत असताना जर्मन राज्यांतल्या राजेशाहीविरुद्धच्या 1848 च्या क्रांतीत उतरला. 1849 मध्ये क्रांतिकारकांच्या ताब्यातला राश्टाटचा किल्ला प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या हाती पडला तेव्हा तो आतच होता. प्रशियाची प्रजा असल्यामुळं सापडला असता तर गोळीच. गटारातून निसटून त्यानं फ्रान्स गाठलं. पुढच्या वर्षी परत आला तो स्पांडाऊच्या तुरुंगातून आपले प्राध्यापक किंकेल यांना सोडवायला. पहारेकरी फितवला होता, पण ऐन रात्री कोठडीच्या किल्ल्या जागेवर नव्हत्या आणि बेत फसला. दुसऱ्या रात्री किंकेलना छपराच्या खिडकीतून दोरानं खाली सोडलं. कौलांचा आणि विटांचा खडखडाट झाला, तो साथीदाराच्या घोडागाडीच्या आवाजात लपला.

अमेरिकेत आला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. शिकायची त्याची रीत आजही कुणी वापरावी अशी आहे: रोज वर्तमानपत्र वाचायचं, इंग्रजी उतारा जर्मनमध्ये लिहून काढायचा, मग तो परत इंग्रजीत आणायचा आणि मूळ मजकुराशी ताडून बघायचा. चूक कुठं होते ते आपोआप दिसतं.

विस्कॉन्सिनला बस्तान बसवलं त्यामागं हिशेब होता. पूर्ण नागरिकत्वाला पाच वर्षं लागत, पण नागरिक व्हायचा इरादा जाहीर करून एक वर्ष राज्यात राहिलं की तिथं मतदान करता येई. म्हणजे नुकत्याच आलेल्या जर्मन शेतकऱ्याच्या मतालाही किंमत. 1857 मध्ये तो लेफ्टनंट गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि अगदी थोडक्यात पडला. त्यानंतर वकिलीची सनद, मिलवॉकीत ऑफिस. वकिली चालली ती नावालाच, कारण गडी कायम दौऱ्यावर. 1860 ला लिंकनसाठी जर्मन वस्त्या पिंजून काढल्या, बक्षीस म्हणून स्पेनमधली वकिलात मिळाली. तिथं फार दिवस रमला नाही; 1862 मध्ये उत्तरेकडच्या सैन्यात ब्रिगेडियर जनरल होऊन अमेरिकेच्या यादवी युद्धात आला.

मग 2 मे 1863, चान्सलर्सव्हिलची लढाई. शुर्त्सच्या अकराव्या कोअरमध्ये (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली मोठी फौज) जर्मन रेजिमेंट्स बऱ्याच होत्या, आणि ही कोअर सैन्याच्या उजव्या टोकाला. ते टोक कशालाच टेकलेलं नव्हतं: नदी नाही, टेकडी नाही. सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. पश्चिमेकडं फक्त दोन रेजिमेंट्स आणि दोन तोफा. शुर्त्सनं कोअरचा प्रमुख हॉवर्डला सांगून पाहिलं, त्यानं मनावर घेतलं नाही. शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर त्यानं तीन रेजिमेंट्स पश्चिमेकडं वळवल्या. संध्याकाळी पाचनंतर बंदुका रचून ठेवलेल्या, चुलींवर जेवण शिजत होतं, तेवढ्यात जंगलातून हरणं आणि ससे उधळत छावणीत आले. त्यांच्या मागं दक्षिणेकडचा सेनापती जॅक्सनची फौज.

कोअर उधळली. वर्तमानपत्रांनी खापर फोडलं ते जर्मनांवर. टोकाच्या डिव्हिजनचा प्रमुख डेव्हन्स जर्मन नव्हता, हॉवर्डही नव्हता, पण हे कोण बघतो? शुर्त्सनं चौकशी मागितली, आपला अहवाल छापायची परवानगी मागितली. दोन्ही नाकारलं.

युद्धानंतर सेंट लुईसला जर्मन वर्तमानपत्र, 1869 ते 1875 मिसुरीचा सिनेटर, आणि 1877 ते 1881 राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या मंत्रिमंडळात गृहखातं. हे गृहखातं आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे. जमिनी, जंगलं आणि मूळ रहिवाशांचा कारभार. वशिल्यानं कारकून भरायचं बंद करून त्यानं परीक्षा लावल्या, लाकूडचोरांच्या मागं लागला. इथवर कौतुक करावं.

पोंका या मूळ रहिवाशांच्या जमातीच्या बाबतीत मात्र तो चुकला, आणि तो डाग छोटा नाही. त्यांची जमीन आधीच्या एका तहात चुकून स्यू या दुसऱ्या जमातीच्या लोकांना लिहून दिली होती. ती चूक सुधारायची सोडून 1877 मध्ये पोंकांनाच दक्षिणेला हलवलं, तिथं माणसं तापानं मेली. त्यांचा नायक स्टँडिंग बेअर मुलाचं प्रेत मूळ गावी पुरायला परत निघाला, तेव्हा त्याला पकडायचा हुकूम शुर्त्सच्याच खात्यातून गेला. ओमाहाच्या कोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा अटकेतून सोडवण्याचा, अर्ज पडला. सरकारी वकिलाचं म्हणणं, हा अर्ज करायला इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, हा कायद्याच्या दृष्टीनं ‘व्यक्ती’च नाही. मे 1879 मध्ये न्यायाधीश डंडी यांनी ते फेटाळलं आणि स्टँडिंग बेअरला सोडून द्यायला सांगितलं.