सुट्टीचे पैसे मागणारा 'मेजर'

"मामा, रजेची फी भरली की किती दिवसांत सोडतात हो?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा मी आधी नीट ऐकलंय का, याचीच खात्री करून घेतली. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनीला आलो. रजेसाठी भांडलेली माणसं पाहिली, रडलेली पाहिली, पण रजेची फी भरलेला माणूस अख्ख्या नोकरीत बघितला नाही. "कुणाची रजा?" म्हटल्यावर ती गप्प झाली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या परवानगीनंच लिहितोय, ओळख पटेल अशा गोष्टी तेवढ्या वगळल्या आहेत.

ती कोल्हापूरला राजारामपुरीत एकटी राहते, शाळेत शिकवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. फेसबुकवर एका 'मेजर'ची रिक्वेस्ट आली. मराठी आडनाव, वय 48, बायको वारलेली, मुलगी होस्टेलवर, स्वतः संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला. आपल्या तुकड्या तिथं खरोखरच असतात, त्यामुळं गोष्ट पटण्यासारखी होती. थोड्याच दिवसांत बोलणं व्हॉट्सअॅपवर गेलं. सकाळी 'जेवलीस का', रात्री 'अंबाबाईला माझ्या नावानं नमस्कार कर'. व्हिडिओ कॉल मात्र कधीच नाही. कारण काय, तर सिक्युरिटी.

मी तिला म्हटलं, फोटो दाखव. मोबाईलवर बोटांनी मोठा केला आणि खांद्यावर नजर गेली. दोन तारे आणि खाली फीत. ती सुभेदाराची रँक, माझीच. मेजरच्या खांद्यावर तारे नसतात, नुसते अशोकाचे सिंह असतात. पुढं छातीवर पाहिलं तर पदकांच्या रिबनी उजवीकडं. त्या डावीकडं असतात, उजवीकडं नावाची पट्टी लागते. शर्टाची बटणपट्टीही उलटी. म्हणजे फोटो आरशासारखा फिरवलेला होता. नावाच्या पट्टीवरची अक्षरं तेवढी सुलटी आणि कोरी करकरीत, बाकी फोटो धुरकट. ती मागून चिकटवलेली होती.

फोटो उलटा फिरवण्यामागं डोकं असतं. तसा केला की गुगल लेन्सवर मूळ फोटो सहजी सापडत नाही. आम्ही तो गॅलरीतच परत सुलटा केला, नावाची पट्टी कापून टाकली आणि पुन्हा शोधलं. तेच गृहस्थ निघाले, गावच्या एका सत्काराच्या फोटोत, वेगळ्या नावानं. त्या बिचाऱ्या सुभेदाराला पत्ताही नसेल की आपला चेहरा कुठं कुठं फिरतोय. मला सगळ्यात जास्त संताप या गोष्टीचा आला.

मग मी चॅट वाचलं. 'एनडीएतून बाहेर पडलो आणि लगेच पोस्टिंग' असं एका ठिकाणी लिहिलेलं. एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तिथं तीन वर्षं काढल्यावर लष्कराच्या कॅडेटला डेहराडूनच्या अकादमीत आणखी एक वर्ष घासावं लागतं, तेव्हा कुठं तो लेफ्टनंट होतो. पोस्टाचा पत्ता विचारल्यावर म्हणे 'गुप्त असतो'. इथल्या कुठल्याही फौजीच्या घरी विचारा, मार्फत 56 एपीओ नाहीतर 99 एपीओ असा लष्करी टपालाचा पत्ता लिहून लिहून घरच्यांना पाठ झालेला असतो. ठिकाण कळत नाही, पण पत्र पोहोचतं. त्यासाठीच ती सोय आहे.

हे सगळं शिकून घेणारा चोर उद्या भेटेलही. पैशाच्या बाबतीत मात्र त्याला कधीतरी उघडं पडावंच लागतं. फौजीला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा असते, वर कॅज्युअल. कधी सोडायचं ते सीओ साहेब, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर ठरवतात. त्यासाठी जवानाकडून पैसा घेत नाहीत, घरच्यांकडून तर नाहीच नाही. आजारी पडला तर एमएचला, म्हणजे लष्करी रुग्णालयात उपचार मोफत. संयुक्त राष्ट्रंही सुट्टीसाठी कुणाकडून काही घेत नाहीत.

तिनं आधी 22 हजार भरले होते. 'तुझ्यासाठी पाठवलेलं पार्सल दिल्लीच्या कस्टम्समध्ये अडकलंय' म्हणून एका बाईचा फोन आला होता. खरं कस्टम्स असं कुणा व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागत नाही, आणि त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो सीबीआयसी या कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. दुसरे 65 हजार, तिनं मला विचारलं त्याच दिवशी दुपारी गेले होते, रजेची फी म्हणून.

दुपारी गेलेत म्हटल्यावर मी रागवायचं बाजूला ठेवलं आणि तिथंच बसून 1930 लावायला सांगितलं. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर. तिथं बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक विचारतात. तो आकडा हाताशी नसेल तर तिथंच वेळ जातो, म्हणून आधी बँकेचं अॅप उघडून कागदावर उतरवून घ्यावा. पैसे एका खात्यात थांबत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळतात. बँकेनं मध्ये कुठं अडवले तर तेवढे वाचतात. तक्रारीचा क्रमांक एसएमएसवर आला, मग रात्रीच सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर उरलेली माहिती भरली.

ती तोवर चॅट पुसायला निघाली होती. लाज वाटत होती तिला. मी हात धरला. स्क्रीनशॉट आधी, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल, सगळे फोन नंबर, आणि प्रोफाइलची लिंक. नुसतं नाव लिहून उपयोग नाही, ही माणसं नाव रोज बदलतात, लिंक राहते. हे सगळं झाल्यावरच ब्लॉक.

"कुणाला सांगू नका मामा." हे तिनं पुन्हा पुन्हा म्हटलं. मी तिला जे सांगितलं ते इथंही सांगतो. फौजीच्या बायका महिनोन्‌महिने कुठं आहेस, काय करतोस हे न विचारता राहतात. 'सांगता येत नाही' म्हटलं की विषय संपला. ही शहाणी सवय आहे आणि चोरानं तीच वापरली. त्यात तिला लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट आणि प्रिंट घेऊन आम्ही सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या महिला कर्मचाऱ्यांनी तिला बाजूला बसवून सगळं ऐकून घेतलं, एकही वाकडा प्रश्न विचारला नाही. तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-डी, शिवाय भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची कलमं लागतात, हे तिथं समजलं. जबाब लिहिताना तिचा आवाज हळूहळू खणखणीत होत गेला, ते बघून मला बरं वाटलं.

65 हजारांतले 41 हजार एका खात्यात गोठले होते. ते आपोआप परत आले नाहीत. कोर्टात अर्ज करावा लागला, पोलिसांचा अहवाल गेला, आदेश निघाल्यावर बँकेनं सोडले. हेलपाटे झाले, पण ते पैसे आले. पार्सलचे 22 हजार गेले ते गेलेच, तिथं उशीर झाला होता.

मधल्या काळात तिला आणखी एक फोन आला. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमची पूर्ण रक्कम मिळवून देतो, आधी प्रोसेसिंगचे 5 हजार भरा.' एकदा फसलेल्यांचे नंबर हे लोक एकमेकांना विकतात. तक्रार नोंदवायला सरकार एक रुपयाही घेत नाही. या वेळी भाचीनं मला विचारलं नाही. तिनं त्याला त्याचं पोलीस ठाणं आणि बक्कल नंबर विचारला, त्यानं फोन ठेवला, आणि तो नंबर तिनं स्वतः जाऊन आधीच्याच तक्रारीत जोडून दिला.